नक्रातील गंधर्व

चंडीगढला नदी नाही. शिवालिकच्या टेकड्यांतून उतरणारे काही ओढे आहेत. पावसाळ्यात ते अंगात आल्यासारखे धावतात आणि एरवी वाळूचे पट्टे होऊन पडून राहतात. त्यांना तिकडे 'चो' म्हणतात. त्यांपैकी सुखना चो ह्या ओढ्याला बांध घालून १९५८ मध्ये एक तलाव निर्माण करण्यात आला आणि नदीवाचून वसवलेल्या ह्या शहराला पाण्याचा काठ लाभला. फाळणीत लाहोर गमावलेल्या पंजाबसाठी आखलेले हे नगर. त्याचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर ह्या अमेरिकन नियोजनकाराने केला आणि १९५१ पासून ल कॉर्बुझिए ह्यांनी त्याला आजचे रूप दिले. थोडक्यात सांगायचे, तर नगराची कल्पना परक्यांची, पाणी अडवून आणलेले आणि नाव मात्र जवळच्याच चंडीदेवीच्या मंदिराचे. परंतु आज तेथे जन्मलेल्या तिसऱ्या पिढीला हे शहर उसने आहे, असे कोणी सांगू गेले, तर ती पिढी हसेल. रुजलेल्या गोष्टीला तिचे मूळ विचारण्याची गरज उरत नाही.

ह्या नदीहीन नगरात गेली पन्नास वर्षे एक मराठी प्राध्यापक राहत आहेत. सांगली जिल्ह्यातील भिलवडी-औदुंबरच्या परिसरात, कृष्णेच्या काठी त्यांचे बालपण गेले. १९७४ साली इंग्रजीचे अध्यापक म्हणून ते चंडीगढला आले. दोन-चार वर्षांत परत जायचे, असा बेत होता. पण असे बेत बहुधा नोकरीबरोबरच निवृत्त होतात. अध्यापन इंग्रजीचे असले, तरी त्यांचा जीव मराठी कवितेत होता. तेथील मराठी कुटुंबांच्या गणेशोत्सवात दरवर्षी त्यांचे एक व्याख्यान होई. ते ऐकायला रेल्वेतले, बँकेतले, लष्करातले मराठी लोक सहकुटुंब येत आणि वर्षभर पुरेल एवढी मराठी कानात साठवून घरी जात.

प्राध्यापकांच्या बालपणात कृष्णा नुसती नदी नव्हती. तिच्यात सुसर होती. मगर हा शब्द पुस्तकातला. काठावरच्या बायामाणसांच्या तोंडी सुसरच असे. डोहाकडे जाणाऱ्या प्रत्येक मुलाला तिचे भय घातले जाई. ती प्रत्यक्ष पाहिलेली माणसे थोडी होती. पण ती आहे, ह्याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. 'सुसरबाई, तुझी पाठ किती मऊ' ही म्हण त्या मुलांना शाळेत शिकावी लागली नाही. ज्याला पैलतीर गाठायचा आहे आणि सुसरीच्या पाठीवाचून दुसरे वाहन नाही, त्याने त्या खरखरीत पाठीला मऊ म्हणायचे असते. अडलेल्या माणसाच्या स्तुतीचे एवढे निर्दय वर्णन दुसऱ्या एखाद्या भाषेत सहसा सापडणार नाही.

त्याच काठावर, तिन्हीसांजेला, आजीच्या तोंडून त्यांनी गजेंद्रमोक्ष ऐकला होता. सरोवरात उतरलेला गजराज, त्याचा पाय धरणारा नक्र, ती दीर्घ झुंज, अखेरचा धावा आणि सुदर्शनचक्र. ऐकणारे सारे हत्तीच्या बाजूचे. पण भागवताच्या आठव्या स्कंधातील ह्या कथेला आणखी एक शेपूट आहे, आणि ते बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. तो नक्र मूळचा हूहू नावाचा गंधर्व होता. देवल ऋषींच्या शापाने त्याला ते रूप आले होते. चक्राने त्याचा जबडा फाडला, तेव्हा तोही मुक्त झाला आणि स्तवन करून आपल्या लोकी निघून गेला. गंधर्व म्हणजे गायक. आजीने हे शेपूट सांगितले होते, आणि नातू ते विसरला होता. विसरण्याची किंमत पुढे द्यावी लागली, हाच ह्या हकीकतीचा विषय आहे.

साल १९९३. घराघरांवर तबकड्या उगवू लागल्या होत्या. उपग्रहावरून येणाऱ्या संगीतवाहिनीने तरुण मुलांचे संध्याकाळचे वेळापत्रक बदलून टाकले होते. पंजाबातील दहशतीची काळी वर्षे नुकतीच ओसरू लागली होती. सेक्टर सतराच्या चौकात लोक पुन्हा उशिरापर्यंत रेंगाळू लागले होते आणि कॅसेटच्या दुकानांतून गाणी बाहेर सांडत होती. प्राध्यापकांचा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याने घरी आणलेल्या एका कॅसेटचे नाव होते 'ठंडा ठंडा पानी'.

गायक बाबा सेहगल. लखनौचा, पंतनगरच्या विद्यापीठातून अभियंता झालेला, नोकरी सोडून मुंबईस आलेला हा तरुण हिंदीतील पहिला रॅपर म्हणून ओळखला जातो. 'दिलरुबा' १९९० चा, 'अलीबाबा' १९९१ चा आणि 'ठंडा ठंडा पानी' १९९२ चा. पहिल्या दोन संग्रहांनी त्याला बाजाराचे दार दाखवले. तिसऱ्याने ते उघडले. तिसऱ्याच्या नावाचे गाणे व्हॅनिला आइस ह्या गोऱ्या अमेरिकन रॅपरच्या 'आइस आइस बेबी' (१९९०) ह्या गाण्यावर उभे होते, आणि त्या गाण्याखाली वाजणारा मंद्र स्वरांचा ठेका क्वीन आणि डेव्हिड बोवी ह्यांच्या १९८१ मधील 'अंडर प्रेशर' ह्या गाण्यातून उचललेला होता. म्हणजे उसन्याचे उसने. पुढे दूरदर्शनवरील 'सुपरहिट मुकाबला' ह्या कार्यक्रमातून बाबा सेहगल घरोघरी पोचला.

त्या संध्याकाळी मुलाने ते गाणे वडिलांना ऐकवले. त्याच्या मांडीवर शाळेची एक वही उलटी ठेवलेली होती. गाणे संपल्यावर त्याला बहुधा ती वही दाखवायची होती. प्राध्यापकांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. मग ते शांतपणे म्हणाले, "अरे, ह्यात त्याचं स्वतःचं काय आहे? ठेका एकाचा, तऱ्हा दुसऱ्याची, आणि टोपी तिसऱ्याची. उसन्याला आवाज नसतो." मुलगा म्हणाला, "बरं, अण्णा." वही मांडीवरून उचलली गेली, ती उघडली गेलीच नाही.

रागावलेल्या बापाचे शब्द मूल काही दिवसांत विसरते. पण विद्वान बापाचा शांत निर्णय ते विसरत नाही, कारण त्यावर अपील नसते. त्या दिवसानंतर मुलाने वडिलांना कधी काही ऐकवले नाही. घरात भांडण झाले नाही, अबोला धरला गेला नाही. जेवणे, परीक्षा, प्रवेश, सारे यथास्थित पार पडले. फक्त एक दार होते, ते बंद झाले; आणि ते बंद झाल्याचा आवाजही झाला नाही.

प्राध्यापकांचा निर्णय त्यांच्या ज्ञानाला शोभणारा नव्हता. केशवसुतांनी १८९२ मध्ये इंग्रजी सॉनेटच्या धर्तीवर चतुर्दशक लिहिले, ते पुढे सुनीत म्हणून मराठीत नांदले, हे त्यांनी किती वेळा सांगितले असेल! फारसीची गझल माधव जूलियनांनी 'गज्जलांजली'त (१९३३) मराठी छंदशास्त्राच्या कसोट्यांवर घासून पाहिली आणि सुरेश भटांनी ती लोकांच्या ओठांवर नेऊन ठेवली, हा त्यांचा आवडता दाखला होता. मर्ढेकरांवर परकीय कवींच्या अनुकरणाचा आरोप झाला, तेव्हा आरोप करणाऱ्यांना कविता ऐकू आली नाही, असे ते विद्यार्थ्यांना बजावत. उसनवारी हा काव्येतिहासातील नित्य व्यवहार आहे. प्रश्न असतो तो उसने आणलेले बी कोणत्या मातीत पडते आणि त्याला कोण पाणी घालते, एवढाच. हा सिद्धांत त्यांना तोंडपाठ होता. परंतु सिद्धांत दिवंगत कवींना लावणे सोपे असते. समोर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला तो लावायचा, तर आधी त्याची वही उघडावी लागते.

ह्याहूनही विलक्षण गोष्ट पुढेच आहे. त्याच वर्षीच्या गणेशोत्सवात प्राध्यापकांचे व्याख्यान अमृतरायांच्या कटावावर झाले. अठराव्या शतकातील हा कवी, १७५३ मध्ये दिवंगत झालेला. त्याचा कटाव वाचण्याचा प्रकार नाही, म्हणण्याचा आहे. लहान लहान तुकडे, त्यांना बांधणारे यमक आणि अनुप्रास, श्वास न घेता धावणारी लय आणि तिच्या ओघात डोळ्यांपुढे उभे राहणारे चित्र. कीर्तनकार तो टाळ-मृदंगाच्या साथीने म्हणत, तेव्हा अर्थ आधी कानाला कळत असे, मनाला नंतर. प्राध्यापकांनी त्या दिवशी समोरच्या मेजावर हाताने ठेका धरून कटाव म्हणून दाखवला. बोलणे आणि गाणे ह्यांच्या सीमेवर उभा असलेला हा रचनाप्रकार मराठीचे खास वैभव आहे, असे त्यांनी सांगितले. टाळ्या पडल्या. बोलणे आणि गाणे ह्यांच्या त्याच सीमेवर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील कृष्णवर्णीय मुलांनी १९७३ च्या सुमारास आपला तंबू ठोकला होता, हे त्यांच्या मनात आले नाही. सभागृहाच्या दाराशी कोण उभे होते, हेही त्यांनी पाहिले नाही.

मुलगा शिकला, अमेरिकेस गेला, फ्लोरिडात ओरलँडोजवळ स्थिरावला. आता त्याचा मुलगा दहा वर्षांचा आहे. दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या शनिवारी रात्री, फोनच्या पडद्यावर दोन घरे समोरासमोर येतात. आजी नातवाला खाण्यापिण्याचे विचारते. प्राध्यापक अभ्यासाचे विचारतात. दोन्ही विषय लवकर संपतात. मग एकदा नातवाने आपल्या गावची बातमी सांगितली. त्यांच्या घरामागच्या तळ्यात ॲलिगेटर आला होता. चार फुटांहून मोठा होता, म्हणून सरकारी क्रमांकावर फोन करून पकडणाऱ्याला बोलावले गेले. नातवाच्या आवाजात भय नव्हते. शेजाऱ्याच्या कुत्र्याविषयी बोलावे, तसा जिव्हाळा होता. "आजोबा, तुमच्याकडे असतात का?"

फ्लोरिडात ही बातमी रोजची आहे. त्या राज्यातील सर्व सदुसष्ट जिल्ह्यांत ॲलिगेटर आहेत. त्यांची संख्या सुमारे तेरा लाख मानली जाते. एके काळी कातड्यासाठी त्यांची एवढी हत्या झाली, की १९६७ मध्ये त्यांना संकटग्रस्त ठरवावे लागले; वीस वर्षांनी, १९८७ मध्ये, ती जात सावरल्याचे जाहीर झाले. म्हणून तो आता पोहण्याच्या तलावात सापडतो, गोल्फच्या मैदानावरून चालत जातो, एखाद्याच्या दाराशी येऊन पडतो, आणि स्थानिक वार्तापत्राचे शेवटचे हसरे मिनिट भरून काढतो. न्यूयॉर्कला तर ह्या बातमीने दंतकथाच दिली. फेब्रुवारी १९३५ मध्ये ईस्ट हार्लेममध्ये बर्फ उपसणाऱ्या मुलांना गटारात ॲलिगेटर सापडल्याचे वृत्त वर्तमानपत्रात आले, आणि त्या महानगराच्या पोटात ह्या प्राण्यांची वस्ती असल्याची समजूत आजवर टिकून आहे.

नातवाचा दुसरा ॲलिगेटर खेळातला होता. पडद्यावरच्या खेळांत हा प्राणी प्रथमपासून आहे. १९८२ च्या 'पिटफॉल' ह्या खेळात तळ्यातील मगरींचे जबडे मिटले, की त्यांच्या डोक्यांवरून उड्या मारत पलीकडे जायचे असते. म्हणजे आपल्या म्हणीचेच यंत्ररूप, फक्त स्तुतीऐवजी उडी. १९९४ च्या 'डाँकी काँग कंट्री'त मगरींची फौजच वानराची केळी पळवते. तेथे पंचतंत्रातील वानर आणि मगर ह्यांचे जुने वैर नकळत पुन्हा जागे झालेले दिसते. नातवाच्या आवडीचा खेळ मात्र २०११ चा, 'व्हेअर्स माय वॉटर' नावाचा. त्यात शहराखालच्या गटारात राहणाऱ्या स्वॅम्पी नावाच्या ॲलिगेटरला स्वच्छ पाण्याने अंघोळ करायची आहे आणि मुलाने माती उकरून त्याच्यापर्यंत पाणी न्यायचे आहे. ज्या प्राण्याच्या भयाने आजोबांना पाण्यात उतरता येत नव्हते, त्याच प्राण्याला नातू अंघोळ घालत होता. दोन पिढ्यांत भयाचे असे खेळणे झाले होते.

आणि तरीही ती नदीकाठची सुसर मेलेली नव्हती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातील रायबाग तालुक्यात बुडालेल्या घराच्या छपरावर विसावलेली मगर साऱ्या देशाने पाहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात मगरीचे पिल्लू निघाले. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून मगर चालत गेली आणि रिक्षावाल्याने आपला दिवा तिच्यावर धरला. सांगलीच्या कृष्णाकाठी तर काठावर गेलेली माणसे आणि पोहणारी मुले ह्यांच्यावरील हल्ल्यांच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. त्या बातम्यांना हसरे मिनिट मिळत नाही. प्राध्यापकांनी नातवाला हे सांगितले, तेव्हा पडद्यावर काही क्षण शांतता पसरली.

मग त्यांच्यातला अध्यापक जागा झाला. त्यांनी नातवाला शब्दांची गंमत सांगितली. ॲलिगेटर हा शब्द स्पॅनिशमधल्या 'एल लागार्तो'चा, म्हणजे 'सरड्या'चा, इंग्रजी खलाशांच्या तोंडी झालेला अपभ्रंश. आपली मगर इंग्रजीत 'मगर' हेच नाव घेऊन गेली, फक्त उच्चार बिघडवून. नराच्या नाकाडावर घड्यासारखा उंचवटा असतो, म्हणून हिंदीत घडियाल. ते नाव शास्त्रज्ञांनी चुकीचे उतरवून घेतले आणि त्या चुकीवरच त्याचे लॅटिन नाव 'गाव्हिआलिस' कायम झाले. ब्रिटिश अंमलदार तर इथल्या मगरीलाही बेधडक ॲलिगेटर म्हणत. सांगता सांगता प्राध्यापक किंचित थांबले. साऱ्या नावांचा प्रवास उसनवारीचा आणि चुकीच्या ऐकण्याचा आहे. आणि तरी प्राणी आपापल्या पाण्यात खरा आहे. हे वाक्य ते नातवाला सांगत होते, की आणखी कोणाला?

नातू मात्र एकदम म्हणाला, "बाबांचं क्रोकोडाइलचं रॅप आहे. मराठीत आहे. म्हणू?" पडद्याच्या कडेला बसलेला बाप अवघडला. "काही नाही अण्णा, जुनं आहे. झोपताना म्हणायचो ह्याच्यासाठी." तोवर नातवाने मेजावर हाताने ठेका धरला होता. परदेशात वाढलेल्या मुलाचे 'ळ' आणि 'ण' थोडे घसरत होते. लय मात्र कोठेही अडत नव्हती. 'काळा कातळ, कातळी काठ, काठाशी कृष्णा, कृष्णेत कोण?' आणि मग धावून धावून दमलेली लय एका जागी थांबून म्हणे, 'सुसरबाई, सुसरबाई, पाठ तुझी मऊ; काठावरती उभे आम्ही, पाण्यात कसे येऊ?'

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, "हा ठेका कुठला?"

"तुमचाच की, अण्णा," मुलगा म्हणाला. "त्या वर्षी गणपतीत तुम्ही कटाव म्हणून दाखवला होता. मी दाराशी उभा होतो. बाबा सेहगलचं ऐकून सुचलं होतं, पण बसत नव्हतं. त्या दिवशी बसलं."

बत्तीस वर्षे लोटली होती. मुलाच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ऐकणे अवघड होते. ज्याला उसना म्हणून दाराबाहेर ठेवले, तोच दाराशी उभा राहून घरचे धन उचलून घेऊन गेला होता, आणि त्याने ते सातासमुद्रांपलीकडे एका मुलाच्या उशाशी जपून ठेवले होते. अमृतरायांचा एक खरा वाचक प्राध्यापकांच्या घरात होता. त्यांनी फक्त त्याला पाहिले नव्हते.

त्या रात्री आजीने लोखंडी कपाटातून ती कॅसेट काढून दिली. तिने ती कधी टाकली नव्हती. आणि ह्याविषयी ती काही बोललीही नाही. कॅसेट वाजवायला यंत्र नव्हते, म्हणून प्राध्यापकांनी ती गाणी फोनवर शोधून ऐकली. सुखना तलावाच्या काठावरील बाकावर बसून, सकाळच्या फिरणाऱ्यांच्या गर्दीत, कानात बोंडे घालून बसलेले हे वृद्ध गृहस्थ काय ऐकत असतील, ह्याची कोणाला कल्पना आली नसेल. त्यांनी तिन्ही संग्रह ऐकले, आणि आपल्या सवयीप्रमाणे मनाशी निर्णय केला. ह्या वेळी तो निर्णय घाईचा नव्हता. ही मोठी कविता नव्हे. यमके पुष्कळदा यमकांसाठीच येतात. विनोद वरवरचा आहे. ब्राँक्सच्या वस्तीतील जळते वास्तव येथे नाही, खट्याळ मध्यमवर्गीय पोरकटपणा आहे. परंतु त्या पोरकटपणाने एक काम केले. हिंदी शब्द न गाता, नुसता बोलून नाचवता येतो, आणि घरातली साधी, हसरी, अर्धी इंग्रजी भाषा त्या नाचाला चालते, हे त्याने पहिल्यांदा दाखवून दिले. दार उघडणारा नेहमीच घरातला सर्वांत गुणी माणूस असतो, असे नाही. पण दार त्यानेच उघडलेले असते.

त्या दारातून पुढे जे आले, ते चंडीगढच्या रस्त्यांवर रोज ऐकू येते. तेथील पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला बादशाह देशभर गाजला. गिद्ध्यातल्या बोलींची आणि टप्प्यांची आपली जुनी बोलगाणी पंजाबीने रॅपशी जोडून टाकली; हे कलम इतके सहज जुळले, की सांधा शोधावा लागतो. पण ह्या पाण्यात सुसरही आहे. बंदुका, नशा आणि टोळ्यांचा तोरा मिरवणाऱ्या गाण्यांवर चंडीगढमधील उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये आदेश द्यावा लागला. त्यासाठी न्यायालयात गेलेले पंडितराव धरेण्णवर हे तेथेच समाजशास्त्र शिकवणारे, मूळचे कर्नाटकातील प्राध्यापक. आणि मे २०२२ मध्ये मानसा जिल्ह्यात सिद्धू मूसेवाला ह्या अठ्ठावीस वर्षांच्या लोकप्रिय गायकाची भर रस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली. तेव्हा प्रत्येक नक्रात गंधर्वच दडलेला असतो, असे भाबडेपणाने म्हणता येत नाही. भागवतातील हूहूनेही जलक्रीडेच्या मस्तीत ऋषींचा पाय ओढला होता, म्हणून शाप भोगला. कथा एवढेच सांगते, की जबड्याकडे पाहून आत कोण आहे, ह्याचा निवाडा करता येत नाही. पाठ मऊ आहे असे म्हणणारा आणि दुरूनच दगड मारणारा, दोघांनीही सुसर पाहिलेली नसते.

पंजाबच्या नद्यांतून घडियाल नाहीसा झाला होता. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर तोंडात मासा धरलेला जो प्राणी कोरलेला आहे, त्याचे वंशज त्याच पाण्यात उरले नव्हते. २०१७ च्या अखेरीस मध्य प्रदेशातून आणलेली घडियालाची पिल्ले बियास नदीत सोडण्यात आली. उसनी आणलेली पिल्ले, पण पाणी त्यांच्याच पूर्वजांचे. प्राध्यापकांनी ही जुनी बातमी वर्तमानपत्रांच्या रद्दीतून नव्हे, तर नातवासाठी मुद्दाम शोधून काढली. आणि मग डिसेंबरातल्या एका सकाळी ते बसने कुरुक्षेत्राला आणि तेथून पेहोव्याच्या वाटेवरील भौर सैदां ह्या गावी गेले. तेथे हरियाणाच्या वनखात्याचे मगर-केंद्र आहे.

ऊन कोवळे होते. तळ्याच्या मातकट काठावर मगरी ओळीने पडल्या होत्या, आणि त्यांच्यातली एक जबडा उघडून निश्चल होती. तो जबडा कोणाला गिळण्यासाठी उघडलेला नसतो. अंगातली उष्णता सांभाळण्याची ती रीत असते. बालपणी जिच्या नुसत्या नावाने पाय मागे घेतले, ती जाळीपलीकडे इतकी स्वस्थ पडलेली पाहून प्राध्यापकांना भय वाटले नाही आणि कौतुकही वाटले नाही. त्यांनी तिच्याकडे नुसते पाहिले. मग फोन काढून त्यांनी चित्रफीत घेतली. घेता घेता डाव्या हाताची बोटे लोखंडी कठड्यावर आपोआप ठेका धरू लागली होती, ते त्यांच्या ध्यानात चित्रफीत पुन्हा पाहताना आले. तो आवाज तिच्यात स्पष्ट ऐकू येत होता.

चित्रफितीबरोबर त्यांनी नातवाला हूहूची गोष्ट लिहून पाठवली, शेपटासकट. नातवाचे उत्तर रात्री आले. त्याने विचारले होते, "आजोबा, मग ह्याला गाता येतं का?"

प्राध्यापकांनी बराच वेळ विचार करून उत्तर लिहिले, "बाबांना विचार. त्यांनी कधीच ऐकलं होतं."